हळदीचे हात

मारुतीच्या पारापुढे सारा गाव लोटला होता. परातीतले पाणी रक्तासारखे लाल झाले होते, आणि ते बेबाबाईच्या हातांवरून ओघळले होते. तिच्याआधी सात बायांच्या हातांवर भगताने त्याच घागरीतले पाणी ओतले. ते जसेच्या तसे राहिले.

"तोंड खोटं बोलस, हात नहीं बोलत," भगत म्हणाला. "दोन पोरं हिनीच खादात. हाई डाकीन शे."

तापाने गेलेल्या त्या पोरांच्या आया पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. दिवस मावळायच्या आत हिला शिवेबाहेर घालवायचे, असे हिलाल पाटलांनी सांगून टाकले. घरोघरची वर्षाची हळद कुटून पोट भरणारी ती एकटी विधवा जाणार कुठे, हे कोणीही विचारले नाही.

गर्दीच्या कडेला पितांबर गुरुजी उभे होते. चारचौघांत बोलणे त्यांना जमत नसे. चोपड्याहून इथे बदली होऊन वर्ष झाले, तरी वर्गाबाहेर त्यांचा आवाज गावाने ऐकला नव्हता. पण त्यांच्या मनात संशयाची कुसळे रुतत होती. दोन दिवस गावात फिरणाऱ्या या भगताने बेबाबाईला शेवटी का बोलावले? घागर दुसऱ्या कोणाला का भरू दिली नाही? आणि घागरीच्या काठावरची ती पांढरी पुटे कसली?

त्याच सकाळी शाळेत पोरांनी टकळीवर कातलेले सूत हळदीत रंगवले होते. पाटलांच्या नातीने, प्रमिलाने, आपली लडी सोड्याच्या पाण्यात धुतली आणि ती लाल झालेली पाहून रडू लागली. मग साऱ्या वर्गाने राख, सोडा, चुन्याची निवळी, एकेक करून पाहिले. प्रत्येकात पिवळे सूत लाल झाले. पोरांचे हात अजून पिवळेच होते.

गुरुजी पुढे झाले. ते पाटलांना म्हणाले,

"आबा, घागरीतले उरलेले पाणी दुसऱ्या परातीत ओता. माझी पोरे हात बुडवतील."

"पोरास्ना हात लागना तं देवी कोपई," भगत घाईघाईने म्हणाला आणि घागरीला आडवा झाला.

पाटलांना ती घाई खटकली. त्यांनी स्वतः घागर उचलून ओतली. प्रमिलाने दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. पाणी तांबडे झाले. मागून वर्गातली बाकीची पोरे आली. पाणी गडद होत गेले.

पाटलांनी नातीचे ओले हात हातात धरले. मग हळूच म्हणाले, "भगत, मन्ही नात बी डाकीन शे का?"

पाटलांनी भगताचे बोचके उघडायला लावले. त्यात चुन्याची पुडी सापडली. निवळी पाण्यासारखीच दिसते. हळद लागली की तांबडी होते. बाकी बायांनी हात राखेने घासून, खळखळून धुतले होते. बेबाबाईच्या हातांत मुरलेली गावाची हळद कशाने निघणार?

लोक खाली मान घालून पांगले. बेबाबाई तिथेच बसून होती. तिने विचारले, "गुरुजी, आज शाळाम्हा हळद नसती तं?"

गुरुजी तिच्या शेजारी खाली बसले. तिच्या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळच नाही, म्हणून वाचकहो, दुसऱ्याच्या हाताला डाग दिसला, तर त्याला वेशीबाहेर काढण्याआधी आपला हात त्याच पाण्यात बुडवून पाहा.