चौथा प्लग

देवळाली प्रवराजवळच्या त्या वस्तीवर लग्न कोणाचंही असो, नवरी सासरी जायची ती रंगनाथआण्णांच्या गाडीतून. गाडी जुनी, किलोमीटरचा काटा दोन लाखांपुढे कुठेतरी दमून थांबलेला. पण पाठवणीच्या दिवशी आण्णा तिला धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालायचे, स्वतः फेटा बांधायचे आणि स्टिअरिंगवर बसायचे. मागे पोरगी हुंदके द्यायला लागली की म्हणायचे, "रड बाई पोटभर, मी सावकाश चालवतो." म्हातारपणी एवढाच काय तो त्यांचा मान होता, पण तो साऱ्या वस्तीने दिलेला होता.

शेजारच्या गोरक्षच्या लेकीची, संस्कृतीची पाठवणी झाली तेव्हा मात्र कॅनॉलच्या चढावर गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली. मागच्या टेम्पोतून आण्णांचा मुलगा सुनील तरातरा उतरला आणि सगळ्या वऱ्हाडादेखत बापावर खेकसला, "क्लच सोडता येईना का तुमाला आता? पाय थरथरतोय तुमचा. उतरा खाली!"

आण्णा उतरले. फेटा काढून काखेत धरला आणि टेम्पोत जाऊन बसले.

धक्का मारून सुनीलने गाडी चालू केली, तर त्याच्याही पायाखाली ती वाटभर आचकेच देत राहिली. तेव्हाच खरं काय ते त्याच्या लक्षात आलं. कारण दिवाळीच्या आधी इंजिनातले स्पार्क प्लग त्यानेच बदलले होते. मेकॅनिक कशाला, मोबाईलवर बघून करतो, अशी ऐट होती. तीन प्लग सहज निघाले. चौथा, पाइपाखालचा, गंजून असा बसला होता की जोर केला तर आतच तुटायची भीती. मग या बहाद्दराने तो वरवर पुसला, वर वायरची टोपी बसवली आणि आण्णांना ठासून सांगितलं, "चारी नवे टाकले." उरलेला नवा प्लग खिळ्यांच्या डब्यात लपवला.

वऱ्हाडासमोर हे कबूल करणं जिवावर आलं, म्हणून म्हाताऱ्याच्या पायाला लावलेला बोल त्याने तसाच राहू दिला. या आठवणीने त्याला घास गोड लागेना. बापासमोर मान वर करायचीही त्याला लाज वाटायची. शेवटी एका सकाळी त्याने बॉनेट उघडलं, चौथ्या प्लगच्या बुडाशी गंज सुटायचं तेल सोडलं, दुपारपर्यंत मुरू दिलं आणि पाना थोडा पुढे, थोडा मागे करत तो काढला. काळाठिक्कर, टोक झिजून गेलेला. डब्यातला नवा बसवला, तसं इंजिन एका सुरात चालू लागलं.

तेवढ्यात गोरक्ष आला. "आण्णा, संस्कृतीला माहेरी आनायचं हाय. तुमीच चला गाडी घिऊन."

"मी न्हाई रे," आण्णा ओट्यावरूनच म्हणाले. "सुनील आणील. माझा पाय काय खरा न्हाई आता. मी रोज बघतो, थरथरतो."

सुनील तसाच काळ्या हातांनी पुढे गेला. जुना प्लग बापाच्या तळहातावर ठेवला. "आण्णा, पाय न्हाई थरथरत तुमचा. ह्यो मी बदललाच नव्हता. खोटं बोललो. चूक माझी, आन् बोल तुमाला लावला."

गोरक्ष खाली बघू लागला. आण्णांनी प्लग उलटसुलट करून पाहिला आणि हसले.

"माझं मन राखायला कुठला बी जुना प्लग घिऊन आला व्हय? आरं, तू बोलला त्ये बरंच केलं. लेकीबाळी बसत्यात गाडीत. कुनीतरी सांगायलाच पायजे हुतं."

"आण्णा, शपथ घिऊन सांगतो..."

"राहू दे. चल, मी बी येतो तुझ्यासंगं."

सुनीलने किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. डाव्या दाराने ते आत बसले. पट्ट्यासाठी त्यांचा हात सवयीने उजव्या खांद्याकडे गेला, तिथे पट्टा नव्हता. सुनीलने वाकून डावीकडचा ओढून लावून दिला.

कॅनॉलचा चढ गाडी एका दमात चढली. आण्णांनी डॅशबोर्डवर कौतुकाने थाप मारली.

"बघ," ते म्हणाले, "तुझ्या हातात कशी शहान्यासारखी चालतीय."