टोपीवाल्या फौजदाराचा निवाडा

मित्रांनो, सरकत्या लाकडी दारांचा टीव्ही तुम्ही बहुधा पाहिला नसेल. मी तसाच एक म्हातारा टीव्ही. कारखान्यातून निघालो तो नाशिकला, इंदिरानगरात आलो. घर हिरामण आणि कुसाबाईचं. दोघं फुलं पिकवून बाजारात विकत. त्यांना मूल नव्हतं. कळवणची धाकटी जाऊ साधना बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची तान्ही संध्या कुसाबाईने आणली आणि वाढवली.

नव्वदच्या दशकात केबलवर घोडेस्वारांची जुनी अमेरिकी मालिका हिंदीतून लागायची. माणसं परकी, गोष्टी मात्र ओळखीच्या. जुन्या कथेतल्या राजाला रुंद टोपी घालायची, कमरेला पिस्तूल लावायचं, राजवाड्याऐवजी धुळीचं गाव दाखवायचं, की झाला नवा भाग! कुसाबाई शेवट आधीच सांगून टाकायची. शेजारीपाजारी तिचं कौतुक करत आणि माझंही.

एका रविवारी साधना आली. आता ती ठणठणीत बरी होती. सात वर्षांच्या लेकीला न्यायचं म्हणाली. कुसाबाईने साफ नकार दिला. शब्दाने शब्द वाढला. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हिरामणने माझा आवाज मोठा केला.

माझ्या पडद्यावरही दोन बायका एका पोरासाठी भांडत होत्या. टोपीवाल्या फौजदाराने धुळीत रेघ ओढली आणि सांगितलं, ओढा. जिच्या बाजूला येईल तिचं पोर. कुसाबाईची नजर पडद्याकडे गेली. ही गोष्ट तिने लहानपणी ऐकली होती. संध्याचा एक हात तिच्या मुठीत होता, दुसरा साधनाच्या.

"आई, दुखतंय," संध्या म्हणाली.

कुणाला म्हणाली, ते तिलाच ठाऊक. दोघींनी एकदमच हात सोडले.

पडद्यावर हात सोडणारी एकच होती, तीच खरी आई ठरली, म्हणून फौजदाराचं काम सोपं झालं. इथे पोर मधोमध उभं, कुणाकडेच जाईना. हिरामणने मला बंद केलं.

मग कुसाबाई म्हणाली, "ने तिला. अंधारात झोपत नाही, दिवा असू दे."

साधना रडत होती. "तुम्ही पण चला, बाई. मला काय ठाऊक तिचं? तिला माझी सवय होईस्तोवर राहा."

कुसाबाई गेली, ती पावसाळा संपल्यावरच परतली. संध्या पुढे दर सुट्टीत येई आणि दोघींनाही आईच म्हणे.

पुढे घरात रंगीत टीव्ही आला आणि मी माळ्यावर गेलो. माझ्यावर धूळ साचली आहे, दार अडकलं आहे. जमलं तर कधी फडकं फिरवा. नाही जमलं तरी चालेल. पण मित्रांनो, कुणाला मायेने धराल, तेव्हा आपली मूठ किती आवळली आहे, हे मात्र पाहत जा.