ताऱ्यातून आलेला एप्रन

मित्रांनो, एक्स-रेच्या खोलीत दारामागे टांगलेला तो जडशीळ निळा एप्रन मीच. मला अंगावर घेताच लोक "बाप रे, केवढं वजन!" म्हणतात. वजन असणारच. एक्स-रेचे किरण अडवायला माझ्या रबरात शिसं मळलेलं आहे आणि ते शिसं एका म्हाताऱ्या ताऱ्याच्या पोटात तयार झालं.

तो तारा तसा गरीबच. त्याच्याजवळ लोखंडाचे कण अगदी थोडे. पण म्हातारपणी त्याच्या पोटात न्यूट्रॉन नावाचे बारीक कण भरपूर सुटू लागले. जेवणारे थोडे आणि पातेलं भरलेलं असलं की प्रत्येकाला पुन्हा पुन्हा वाढतात ना, तसं झालं. लोखंडाचे कण सावकाश न्यूट्रॉन गिळत जड होत गेले आणि शेवटी त्यांचं शिसं झालं. श्रीमंत ताऱ्यांत तेवढंच जेवण पुष्कळांत वाटलं जातं, म्हणून शिशापर्यंत फार थोडे पोचतात. मग त्या ताऱ्यानं हात न आखडता आम्हाला आभाळभर उधळून दिलं.

पुढे मी पृथ्वीत मुरलो, खाणीतून निघालो आणि एप्रन झालो. इथे एक्स-रे काढणारे काका मला लेकरासारखं जपत. माझी कधी कुणाला घडी घालू देत नसत. घडीवर आतलं शिसं चिरतं आणि वरून काहीच दिसत नाही. काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्यांची लेक आली. ताई हुशार, पण कायम घाईत. ती मला घडी घालून खुर्चीवर टाकायची. मला फार वाईट वाटे.

एकदा हात दुखावलेला एक चिमुरडा रडत आला. तो आईला सोडेना, आणि त्या आईचे तर दिवस भरत आले होते. ताईनं खुर्चीवरून मला उचललं आणि आईच्या अंगावर घालू लागली. तेवढ्यात काका लेकीचा विसरलेला डबा घेऊन दारात आले. त्यांनी माझी घडी पाहिली.

"थांब गं. आधी त्या एप्रनचाच एक्स-रे काढ."

"बाबा, पोरगं रडतंय!"

"रडू दे जरा. काढ तू."

पडद्यावर मी पांढराशुभ्र दिसलो, आणि नेमकी पोटाशी एक काळी रेघ, किरण आरपार जाऊ देणारी चीर. ताईनं शरमेनं मान खाली घातली. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पोटातल्या बाळाला मी राखू शकलो नसतो.

काकांनी आईला बाहेर बसवलं आणि मला स्वतःच्या अंगावर चढवलं. "या पोटात भुकेशिवाय काही नाही," ते म्हणाले. मग चिमुरड्यापुढे डबा वाजवला. "ओळख बघू, आत काय आहे?" रडं थांबलं, हात स्थिर राहिला, काम झालं.

उद्या मला मोडीत देणार आहेत. माझं शिसं वितळवून पुन्हा वापरतील म्हणे. मी ताऱ्यात शिजलोय, मला भट्टीची काय भीती! आज ताईनं मला दांडीवर नीट टांगलं आणि ती घडी हातानं सरळ करत राहिली. मित्रांनो, जे तुमची राखण करतं, त्याला असंच जपा, पण वेळेवर.

त्या आईला मुलगी झाली, असं काका सांगत होते. ती मोठी होईल, पडेल, धडपडेल, कुठल्यातरी एक्स-रेच्या खोलीत येईल. तेव्हा तिच्या अंगावर कदाचित मीच असेन, नव्या रबरात, एकही रेघ नसलेला.