देवीच्या तोंडचे शब्द

कावळा शिवला की बायका तोंड पाडून बसतात. मी मात्र खूश व्हायची. खोटं कशाला बोलू? ते चार दिवस चूल नाही, पाणी नाही, भांडी नाहीत. दहिवलीच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत घोंगडी टाकायची, मांडीवर पाट घ्यायचा आणि कॉमिकच्या पानांवर अक्षरं काढायची.

हिरामण भावजी, म्हणजे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ, मुंबईत कॉमिक छापणाऱ्या एका मालकाकडे कामाला होते. ते चित्रांची पानं आणायचे. माणसांच्या डोक्यावर रिकामे फुगे काढलेले, आणि कोण काय बोलतं ते वेगळ्या कागदावर. ते बोलणं मी शाईच्या टाकाने फुग्यांत बसवायची. एवढासा फुगा आणि हे एवढं लांबलचक वाक्य! पण माझं अक्षर बघून मालक म्हणाला होता, "हीच बाई हवी." अख्ख्या जन्मात मला असं दुसरं कुणी म्हटलं नव्हतं, आमच्या ह्यांनीसुद्धा नाही.

तेव्हा सगळी कॉमिकं मुखवटेवाल्या हिरोंची. जंगल, पिस्तुलं, ठोसे. माझ्या सासूबाईंना, मी त्यांना आत्या म्हणते, त्याचं काही वाटत नव्हतं. "त्या मेल्या मुखवट्याला कसला इटाळ?" म्हणायच्या आणि चहा लांबूनच सरकवायच्या.

मग एका आश्विनात भावजी वेगळंच बाड घेऊन आले.

"वयनी, जमाना बदलला. मास्तर लोक मुखवटेवाल्यांवर चिडलेत, आईबाप पोरांना घेऊन देत नाय. आता मालक देवांची कॉमिकं काढतोय. ही पयली, देवीची. रविवारी न्यायला येतो. आन हे बघा, तुमच्या कामावर तिकडं एक जण डोळा ठेवून बसलाय. पानं कोरी आली तर काम गेलंच समजा."

आत्यांनी बाड माझ्या हातातून घेतलं, देव्हाऱ्यापुढे ठेवलं, फूल वाहिलं. मी म्हटलं, उद्यापासून बसू. आणि शुक्रवारी सकाळी उठते तर कावळा शिवलेला! दिवस सरणार सोमवारी, भावजी येणार रविवारी.

"आत्या, बाड द्या ना इकडं."

"डोकं ठिकाणावर हाय का गं? भायरच्या बाईनं देवीला शिवायचं?"

"अहो, कागद आहे तो!"

"कागदावर कोन हाय ते बघ आधी."

रडून झालं, चिडून झालं. आमचे हे खालापूरच्या कचेरीतून दमून येत, ते काय बोलणार? "आई म्हणते तसं कर" म्हणाले आणि जेवायला बसले. असा संताप आला होता! मुखवटेवाला होता तेव्हा माझे हात चालत होते. देवी बाई असून तिलाच माझे हात नकोत? पडवीत बसल्या बसल्या बोटं नुसती शिवशिवत होती.

शनिवारी एक युक्ती सुचली. बोलण्याच्या कागदावर देवीचं चित्र नव्हतं, तो आत्यांनी माझ्याकडे सरकवायचा आणि फुगे लांबून दाखवायचे; बोलणं मी कोऱ्या कागदावर लिहायचं, फुग्यांच्या मापाने कापायचं आणि चिकटवायचं आत्यांनी. आत्या कबूल झाल्या. चिठ्ठ्यांवर तुळशीच्या पानाने पाणी शिंपडून मगच उचलायच्या. शाई पसरते की काय म्हणून माझा जीव वरखाली.

रविवारी दुपारी आत्या उंबऱ्याच्या आत चिकटवायला पिठाची खळ घेऊन बसल्या, मी बाहेर. आत्यांना अक्षरओळख नाही. मी लांबूनच सांगत होते, "ती नाय, बाजूची. हां, वर लावा." पानामागून पान होत होतं. भावजींची वेळ जवळ आली तसे आत्यांचे हात घाईला आले. युद्धाच्या पानावर त्यांनी मी सांगायच्या आधीच चिठ्ठी दाबली.

"अगं बाई! आत्या, काढा ती! असुराचं बोलणं देवीच्या तोंडी लागलं!"

त्या नखाने ओढायला लागल्या. ओली खळ, चित्राचा रंग सुटायला लागला. पान एकच, त्याला दुसरी प्रत नाही. मी उठले, उंबरा ओलांडला आणि दोन्ही हातांनी पान धरलं. अलगद चिठ्ठी सोडवली. देवीचा चेहरा शाबूत होता.

मग कळलं आपण काय केलं. आत्या देव्हाऱ्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पान मात्र मी सोडलं नाही.

"बोला काय बोलायचं ते. पण हे असं छापून गेलं असतं, तर पाप कुणाच्या माथी बसलं असतं?"

त्यांनी माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे बघत विचारलं, "काय लिवलंय गं त्यावर?"

मी वाचलं, "'बाईमाणसाने घरात बसावं. मागे फिर.'"

"हे असुर म्हनतो?"

"हो."

"आन देवी काय म्हनते?"

"'मला अडवणारा तू कोण?'"

आत्यांनी खळीची वाटी माझ्याकडे सरकवली आणि उठून चहा ठेवायला गेल्या. भावजी आले तेव्हा मी शेवटची चिठ्ठी दाबत होते.

पुढच्या महिन्यात भावजी दुसरं बाड घेऊन आले, पुन्हा देवीचंच. आत्यांनी फूल वाहिलं, हात जोडले, आणि बाड उचलून मागच्या पडवीत माझ्या घोंगडीपाशी नेऊन ठेवलं.

"तुजे दिस जवळ आले ना गं?" म्हणाल्या. "मग निवांत लिव."