बोटभर लांब

ठक्.

बुटक्या मेजावर जिबेकनं काहीतरी ठेवलं आणि तेवढ्याशा आवाजानं घरातली शांतता तडकली. चहा ओतता ओतता केंजेगुलचा हात थबकला. पाच वर्षांच्या लेकीनं कुठून कोण जाणे, बापाच्या, मिरलानच्या, गाडीचा जुना ब्रेक पॅड शोधून आणला होता. सासरे समोर बसले होते. त्यांनी त्या गंजक्या तुकड्याकडे एकदा पाहिलं आणि पाव कुस्करत राहिले.

मिरलानला जाऊन चाळीस दिवस झाले; चाळिसाव्याचं जेवण कालच झालं. “पोरानं घाई केली,” सासरे येईल त्याला सांगत होते, आणि माणसं माना हलवत मटण खात होती.

दीड महिन्यापूर्वी बाजारात हाच पॅड केंजेगुलच्या पिशवीत होता. “त्याच सालच्या गाडीला दोन मापं येतात,” मिरलाननं वडिलांना ऐकू जाणार नाही असं निघताना बजावलं होतं. “अता ऐकायचे नाहीत. तू जुना जवळ ठेव.”

जुन्या कंटेनरमधल्या दुकानात दुकानदार मारातनं विचारलंही, “सादिर-आके, नमुना आणलाय का?”

“तीस वर्षं ट्रक हाकला मी! मला नमुना लागतो होय रे?” सासऱ्यांनी समोरचा जोड उचलला. “हाच.”

हा आखूड आहे, हे केंजेगुलला लांबूनच दिसलं. पण या घरच्या सुना सासऱ्यांचं नावसुद्धा घेत नाहीत. चारचौघांत बोलायचंच झालं तर पोराच्या तोंडून बोलतात. तिनं पॅड जिबेकच्या हातात दिला, तिची सुटलेली वेणी मागे सारली आणि कानात म्हणाली, “चोंगअताला सांग, आपला बोटभर लांब आहे.”

जिबेक आजोबांपुढे जाऊन उभी राहिली. “चोंगअता, आपला बोटभर लांब आहे!”

दुकानातले सगळे हसले. मारात म्हणाला, “आके, नात मेकॅनिक होणार तुमची!”

“सून पिशवीत लोखंड घेऊन हिंडते, मग नात काय होणार?” सासरेही हसले. “घरी बोर्सोक कोण तळणार, मी?”

त्यांनी जिबेकला खडीसाखर घेऊन दिली. आणि तो आखूड जोड.

संध्याकाळी अंगणात मिरलाननं चाक खोललं. “ढिला बसतोय गं.”

“पोरीकडून सांगितलं होतं मी.”

“कळलं मला. पण आता परत न्यायचा म्हणजे अख्ख्या बाजारात अतांना तोंडघशी पाडायचं.” त्यानं डब्याचा पत्रा कापून पट्टी केली आणि ठोकून बसवली. “एवढा आठवडा निघेल. मग गुपचूप बदलतो.”

तिनं मान डोलावली. कंदील तिच्याच हातात होता.

दोन दिवसांनी शहरात प्रवासी सोडून तो रिकामी गाडी घेऊन परतत होता. घाटाच्या उतारावर गाडी थांबली नाही. दरीतून वर काढली तेव्हा पुढच्या चाकात एक पॅड नव्हताच. पोलिसानं सासऱ्यांना बाजूला घेऊन ते सांगितलं. केंजेगुल रीतीप्रमाणे दोन पावलं मागे उभी होती. तिला ऐकू आलं. घरी येऊन सासरे म्हणाले, पोरानं घाई केली. तिनं खाली बघून चहा ठेवला.

आताही तिनं पेला दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. मेजावरचा तुकडा उचलून गुडघ्याखाली सरकवला.

जिबेकनं ते पाहिलं. ती आईला बिलगली, तिनं आपल्या बोटाकडे बघितलं, मग आजोबांच्या गुडघ्याकडे.

“आपा,” तिनं आईला विचारलं, “तेव्हा मी हळू बोलले होते का?”