दोन हलके, एक जड

तिने काउंटरवर फडकं उलगडलं आणि बोटीच्या इंजिनात डिझेल फवारणारी तिन्ही नोझल एका ओळीत मांडली. दोन सारखी होती. तिसऱ्याचं टोक किंचित जाड होतं आणि ते पार काळं पडलं होतं. दुकानदाराने आधी हात न लावता वाकून बघितलं, मग कपाळावर चढवलेलं भिंग डोळ्यावर ओढलं. या भिंगापायी बंदराचा सगळा धक्का त्याला भिंगकाका म्हणायचा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवतंय का, अशी थट्टा त्याच्या तोंडावर चालायची आणि तोही तीत सामील व्हायचा.

"हे अजून जिवंत आहे?" काळ्या नोझलवर बोट ठेवत तो म्हणाला.

"चालत होतं."

"चालेल नाही तर काय. मी तुझ्या नवऱ्याला म्हटलं होतं, मोठ्या इंजिनाचं आहे, बसलं तरी इंजिनाला जाचेल. तो ऐकेल तर शपथ."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. ती तांब्याच्या वॉशरच्या डब्याकडे बघत राहिली. अशा वेळी समोरच्या माणसाला सावरायला थोडा वेळ द्यावा लागतो, हे एव्हाना तिला सवयीचं झालं होतं.

इंजिनाचे सुटे भाग निवडणं हे त्या धक्क्यावर बायकांचं काम होतं. कुणी ते ठरवलं नव्हतं. दुकान उघडायचं तेव्हा पुरुष समुद्रात असायचे, आणि ते परतायचे तोवर भिंगकाका शटर ओढून मोकळा झालेला असायचा. मग बायकाच जुना भाग फडक्यात गुंडाळून आणायच्या, नव्याच्या शेजारी ठेवून ताडून बघायच्या आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगायच्या की हे बसव. नवी सून पहिल्या वर्षी चुकायची आणि पुढच्या वर्षी भिंगकाकाच्या चुका काढायची. हीसुद्धा तशीच तयार झाली होती. आणि तिची पहिल्या वर्षाची चूक म्हणजे हे तिसरं नोझल.

त्या हंगामात योग्य मापाचं नोझल संपलं होतं. दुसरी कुणी असती तर थांबली असती, पण हिला नवऱ्याची बोट एक दिवसही बसून राहायला नको होती. तिने मोठ्या इंजिनाचं नोझल उचललं, जुन्याशेजारी धरलं, आटे जुळताहेत एवढं बघितलं आणि घेऊन आली. त्याची भोकं मोठी आहेत, डिझेल जास्त पडेल, हे तिच्या गावीही नव्हतं. ते बसवल्यापासून तीन सिलिंडरच्या त्या इंजिनाची चालच बिघडली. दोन ठोके हलके पडायचे आणि तिसरा जड. धूरही काळा यायचा. लोक हसले. पुढे योग्य माप आलं तेव्हा ती आपणहून घेऊन आली, पण नवऱ्याने ते फळीवर टाकून दिलं.

"राहू दे हेच," तो म्हणाला होता. "तू निवडलंयस. शिवाय धक्क्याला लागायच्या आधीच तुला कळतं ना, मी आलो ते? मग पाणी तापलेलं मिळतं."

ते खरं होतं. त्यांचं घर धक्क्यावरून वर चढणाऱ्या गल्लीत होतं. संध्याकाळी एकामागून एक बोटी आत यायच्या, तिच्या कानावरून जायच्या आणि ती आपलं काम करत राहायची. मग त्यांतून दोन हलके, एक जड असा ठोका वेगळा निघाला की तिचा हात आपोआप नळाकडे जायचा. मोठं पातेलं भरून गॅसवर चढायचं. तो वर येऊन पोचेपर्यंत पाणी त्याच्या आंघोळीजोगतं झालेलं असायचं.

तो गेला त्या संध्याकाळीही तो ठोका आला होता. जरा लवकरच आला, म्हणून तिला बरंच वाटलं. तिने पातेलं भरलं, गॅस पेटवला, वरून टॉवेल काढून ठेवला. दारात दीर उभा राहिला. त्याचे कपडे ओले होते. बोट मोकळीच सापडली होती. आत कुणी नव्हतं. सुकाणू एका बाजूला कललेलं आणि बोट आपल्याच भोवती गोल गोल फिरत होती. इंजिन अगदी व्यवस्थित चालू होतं, त्याचा काही दोष नव्हता. दिरानेच त्याच इंजिनावर ती परत आणली होती.

त्यानंतर दीर ती बोट चालवू लागला. काही दिवसांनी बोटीबरोबर तो आवाजही रोज संध्याकाळी घरी येऊ लागला. माणूस गेलेला असतो हे डोक्याला कळतं, हाताला कळायला वेळ लागतो. तिचा हात नळाकडे जायचाच. पातेलं अर्धं भरल्यावर ती भानावर यायची, पाणी ओतून द्यायची आणि मग कुणी बघितलं नाही ना म्हणून मागे वळायची. तिला त्या आवाजाची भीती वाटायची.  हे ती कुणाला बोलली नव्हती, कारण सासूबाईंचं जेवण त्या आवाजावर होतं. ताट समोर वाढलेलं असलं तरी म्हातारी हात लावायची नाही. तो ठोका आला की मान हलवायची आणि पहिला घास घ्यायची.

आता इंजिन उघडलं होतं. दिराने तिन्ही नोझल काढून तिच्या हातात दिली तेव्हा बजावून सांगितलं होतं.

"वहिनी, दोन नवी आणा बरोबर मापाची. तिसरं मात्र असंच. मोठ्या इंजिनाचंच. आवाज बदलायला नको. आईचं माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

"आणि तुम्हालाही..." तो अडखळला होता. "म्हणजे, दादाचा आवाज आहे तो."

त्यावर तिने नुसतं फडकं बांधून घेतलं होतं.

भिंगकाकाने आतून दोन डबे आणले. एकातून बारीक भोकांची तीन नोझल काढून त्याने तेलकट कागदावर ठेवली. दुसऱ्यातून मोठ्या इंजिनाचं एकच काढलं आणि ते जरा लांब ठेवलं.

"दीर येऊन सांगून गेला होता मला," तो म्हणाला. "यातली दोन आणि एक ते. मी म्हटलं, बाबा रे, पिस्टन खाईल हे एक दिवस. तर म्हणतो, खाऊ दे. तुमच्या घरात ऐकून घ्यायची पद्धतच नाही वाटतं."

ती हसली. मग तिने लांबचं नोझल उचललं. ते नवंकोरं, चकचकीत होतं. तिने ते जुन्या काळ्याशेजारी धरलं आणि सवयीने भोकं उजेडाकडे करून बघितली. तंतोतंत तेच होतं. हे बसलं तर अजून कितीतरी वर्षं तो रोज संध्याकाळी त्या ठोक्याबरोबर येईल, गल्ली चढून वर येईल आणि दारात पोचायच्या आधी नाहीसा होईल.  तिने ते नोझल काउंटरवरून हळूच भिंगकाकाकडे सरकवलं.

"तिन्ही सारखी द्या."

भिंगकाकाने भिंग वर केलं.

"दिराला काय सांगशील?"

"मोठ्या इंजिनाचं आता येत नाही म्हणून सांगेन. तुम्हीही तेच सांगा, काका."

 या दुकानात त्याने बायकांना वॉशरवरून भांडताना पाहिलं होतं, त्याच्या अकलेचे वाभाडे काढताना पाहिलं होतं. कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं.

"येत नाहीच तसं," शेवटी तो म्हणाला आणि चकचकीत नोझल डब्यात टाकून डबा आत घेऊन गेला.

दिराने ऐकून घेतलं. त्याने तिच्याकडे एकदा बघितलं, पण वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तो दिवसभर बोटीवर पान्हा घेऊन बसला. ती घरात सासूबाईंची नजर टाळून वावरत होती. आपण एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडचा घास काढून घेतला, हा विचार तिच्या मनातून जाईना. रात्री चांगलंचुंगलं करून वाढावं असंही वाटलं, आणि तेवढ्याने काय होणार, असंही वाटलं.

त्यानंतरच्या दिवशी बोट समुद्रात गेली. संध्याकाळी तिने सासूबाईंचं ताट वाढून ठेवलं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. बोटी येत होत्या. त्यांचे आवाज एकमेकांत मिसळून वर येत होते. भाजी निवली. म्हातारीने मान हलवली नाही. सून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून बघत होती, आणि इतक्यात दीरच दारात उभा राहिला.

सासूबाईंनी डोळे उघडले.

"तू कधी आलास?"

"आत्ताच की."

"आणि बोट?"

"बोटीनेच आलो, आई. नोझल बदललं. तसलं मिळेना." तो उंबऱ्यातच थांबला होता. "आवाज गेला तो."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. तिने जणू कित्येक दिवसांत त्याला नीट पाहिलं नव्हतं. मग तिने शेजारची जागा हाताने साफ केली.

"बस इथे," ती म्हणाली. "बरं झालं गेला ते. रोज आवाज यायचा त्याचा आणि दारात दिसायचास तू. तुझा राग यायचा रे मला. पोटच्या पोराचा राग यायचा."

"मला कळायचं ते," दीर म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू जेवायचीस ना त्यावर."

म्हातारीने ताट ओढून घेतलं, एक घास त्याच्यापुढे धरला आणि लहान असल्यासारखा त्याने तो खाल्ला. सून स्वयंपाकघरात वळली आणि ओट्याला धरून रडली. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. तिने तिघांची ताटं एकत्र वाढली. जेवताना दिराने भिंगकाकाची नक्कल करून दाखवली आणि सासूबाईंना हसता हसता ठसका लागला.

ते दिवस बरे गेले. दुपार कलली तरी तिला भीती वाटेनाशी झाली. सासूबाई वेळेवर जेवू लागल्या, दिराला रागे भरू लागल्या, त्याच्या लग्नाचं बोलू लागल्या. बोट धूर सोडत नव्हती आणि डिझेलही कमी पीत होती. दीर येता जाता म्हणायचा, "वहिनी, उगाच इतके दिवस त्या नोझलला धरून बसलो आपण." तीही हो म्हणायची. आपण योग्य तेच निवडलं असं तिला मनापासून वाटत होतं.

मग एका संध्याकाळी ती भांडी घासत असताना खालून एका बोटीचा आवाज आला. साधा, सरळ, सगळे ठोके सारखे. दीर त्या दिवशी समुद्रात गेला नव्हता, बाहेरच्या खोलीत झोपला होता. म्हणजे ती बोट दुसऱ्याच कुणाची तरी होती. तिने हातातलं ताट खाली ठेवलं, आणि पातेलं नळाखाली धरल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय करतोय ते. तिने पाणी ओतून दिलं. थोड्या वेळाने दुसरी बोट आली. तिचाही आवाज तसाच होता, सरळ. तिचे हात थांबले.

पूर्वी इतक्या बोटी कानावरून जायच्या आणि तो जड ठोका नसला की त्यांतली एकही नवऱ्याची नसायची. ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ती आपलं काम करत राहू शकत होती. आता सगळेच ठोके सारखे, आणि कुठल्याही बोटीचा आवाज त्याचा नाही असं छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. खाली बोटी येतच होत्या. एक लागायची, तिच्यामागून दुसरी, आणि दिवेलागणीपर्यंत अजून कितीतरी यायच्या होत्या.

"कुणाची ग ही?" सासूबाईंनी बाहेरून सहज विचारलं.

"कळत नाही हो, आई," ती म्हणाली. तिने पातेलं पुन्हा नळाखाली धरलं, काठोकाठ भरू दिलं आणि गॅस पेटवला.