सेकंदसाहेबाचं घड्याळ

घड्याळ मिळून नऊ दिवस झाले होते आणि नऊच्या नऊ दिवस सेकंदसाहेबाने बाहीचं बटण मनगटापर्यंत लावून ठेवलं होतं. कारखान्यातले पंखे गरम वारा फेकत होते, बाकीचे लोक बाह्या कोपरापर्यंत सारून काम करत होते, पण याची बाही काही वर जाईना. घड्याळ होतंच तसं. समुद्रात बुड्या मारणाऱ्यांसाठी बनवलेलं, तीनशे मीटर खोल पाण्यात चालणारं, निळीशार तबकडी, तिच्याभोवती फिरवता येणारं जाड कडं, आणि वजन असं की हात खाली ओढला जावा. आणि गृहस्थाला साधं पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यात उतरला तरी बायकोचा हात धरणारा माणूस हा.

"जरा भपकेबाजच दिसतंय," बायको पहिल्या दिवशी म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण घाल. मालकांनी स्वतःच्या हाताने दिलंय. कपाटात ठेवलंस तर त्यांना काय वाटेल?"

भपकेबाज आहे म्हणून लाज वाटते, असं त्यानेही स्वतःला समजावून पाहिलं. खोटं कशाला बोला, लाज वेगळ्याच गोष्टीची होती.

काचेच्या ग्लासांच्या त्या कारखान्यात हा वेळ मोजायचा. कोणत्या कामाला किती सेकंद लागतात ते लिहायचं आणि त्यावरून प्रत्येकाचं दिवसाचं माप ठरायचं. म्हणून तोंडावर साहेब आणि पाठीमागे सेकंद. या कामाचा एक नियम असतो. तिघांची वेळ घ्यायची आणि प्रत्येकाची तीनदा घ्यायची, सकाळी, जेवणानंतर आणि सुटायच्या आधी, हात दमलेले असताना. हाच नियम याने नव्या लोकांना दहा वेळा घोकून घेतला होता. पॅकिंगच्या बायकांचाही एक नियम होता, कुठे न लिहिलेला. सेकंदसाहेब वेळ मोजायचं घड्याळ घेऊन उभा राहिला की हात आखडता घ्यायचा, म्हणजे माप सोपं बसतं. हे त्यालाही ठाऊक होतं आणि तो तेवढं धरूनच चालायचा.

पण हे बक्षिसाचं घड्याळ मिळण्याआधी, खोकी भरायचं माप ठरवायच्या सकाळी तो पहिल्या टेबलापाशी उभा राहिला आणि तिथे होती त्याची सख्खी मावशी. आई गेल्यावर याला लहानाचं मोठं केलं ते तिनेच. बाकीच्या बायका घड्याळ बघून सुस्तावल्या आणि हिने एप्रनची गाठ आवळली. सहा ग्लास, सहा कागद, मधला पुठ्ठा, वरून चिकटपट्टी. एकेचाळीस सेकंद. दुसरा खोका, पुन्हा एकेचाळीस. भाचा बघतोय म्हणून बाईचे हात नुसते उडत होते.

त्याने एकेचाळीस लिहिलं. पुढच्या वेळा घेतल्याच नाहीत, दुसऱ्या कुणाची तर नाहीच नाही. मालकांना आकडा त्याच दिवशी हवा होता, असं तो म्हणतो. खरं म्हणजे इतका देखणा आकडा त्याला सोडवला नाही. माप एकेचाळीसवर बसलं, मालक खूश झाले आणि सगळ्यांसमोर हे घड्याळ त्याच्या मनगटावर चढलं. त्याच संध्याकाळी भिंतीवर सूचना लागली, महिनाभर माप न गाठणाऱ्याला कामावरून कमी करण्यात येईल.

दहाव्या दिवशी दुपारच्या चहाच्या वेळी मुकादम त्याच्या शेजारी येऊन बसला.

"साहेब, मावशींचं काही खरं नाही. नऊपैकी आठ दिवस माप चुकलं. आता नातं आहे तुमचं, पण मी तरी काय करू?"

चहा तसाच ठेवून तो उठला.

मावशीच्या उजव्या मनगटाला पट्टी गुंडाळलेली होती.

"हाताला काय झालं?"

"काही नाही रे, जरा मुरगळला. आणि तू एवढ्या उकाड्यात बाही कसली लावून बसलायस?" तिने स्वतःच त्याचं बटण सोडलं, बाही वर सारली आणि घड्याळाची काच एप्रनने पुसली. मग शेजारणीला म्हणाली, "बघ गं, आमच्या ठोंब्याला मिळालंय."

शेजारणीने मान वर केली नाही. तिचंही माप रोज चुकत होतं.

"मावशी, त्या दिवशी एवढा जोर कशाला केलास?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"वा रे वा. मावशीचंच काम ढिलं निघालं असतं तर तुझं नाक नसतं का कापलं गेलं?" ती हसली. "जमलं ना तुझं? मग झालं तर."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी परत मोजतो," तो म्हणाला. झालं, बाई लगेच ताठ बसली आणि पट्टीच्या हाताने पुन्हा सपाटा सुरू.

"हळू कर. रोजच्यासारखं."

"रोजच्यासारखंच करतेय," ती दात आवळून म्हणाली.

ही ऐकणारी नव्हती. शेवटी त्याने मनगटावरचं घड्याळ काढून तिच्यापुढे धरलं. "राहू दे मोजणं. हे तुझ्या खिशात ठेव, मला जड होतंय."

तिने ते खिशात टाकलं, वरून दोनदा थोपटलं आणि मग तिचे हात आपल्या चालीवर आले. तो खोकी तपासतोय असं दाखवत चार टेबलं पलीकडे गेला आणि भिंतीवरच्या जुन्या घड्याळावर तिची वेळ घेतली. मग आणखी दोघींची घेतली. सुटायच्या तासाभर आधी पुन्हा तिघींची. मावशीचे तेव्हा चौसष्ट सेकंद भरले. सगळं कागदावर लिहून खाली त्याने आणखी एक ओळ घातली, आधीचा आकडा एकीचाच आणि एकाच वेळचा होता, चूक माझी. सही केली.

मालकांनी कागद दोनदा वाचला.

"उद्या सकाळची वेळ घे, मग नवं माप लावू. तोवर सूचना काढून टाक," ते म्हणाले. "म्हणजे घड्याळ मी चुकीच्या कामासाठी दिलं तर."

"हो, साहेब."

"मग टेबलावर ठेवून जा."

ठेवणार कसं, ते तर मावशीच्या खिशात. तो खाली आला तेव्हा ती जिन्यापाशीच उभी होती. हातात पॅकिंगच्या कागदाची छोटी पुडी. ग्लास गुंडाळतात तशी, चारी कोपरे आत दुमडलेले.

"घे बाबा तुझं. ओरखडा नको पडायला म्हणून गुंडाळलं."

"मावशी, हे परत द्यायचंय. मालकांनी मागितलंय."

तिचं तोंड एवढंसं झालं. पट्टीचा हात तिने हळूच पाठीमागे घेतला. "आज मी हळू केलं म्हणून का रे? माझ्यामुळे गेलं?"

"नाही गं. तुझ्यामुळे मिळालं होतं," तो म्हणाला आणि मग सगळं सांगून टाकलं. तिघींचा नियम, एकेचाळीस, भिंतीवरची सूचना कुणामुळे लागली ते, आणि आज चोरून मोजलं तेसुद्धा. सांगताना त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

पुडीचा एक कोपरा सुटला होता तो मावशीने अंगठ्याने दाबून नीट केला.

"गुंडाळलंय तसंच, कागदासकट दे," ती म्हणाली. "आणि जा लवकर, मालक निघून जातील."